गाडीचा पिकअप परत आला!

चढावर गाडी अक्षरशः रडत होती. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ढिम्म, वर मागे काळा धूर. ज्याला विचारावं तो म्हणे, क्लच गेला! पण आरपीएम (इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग) काही एकटाच वर पळत नव्हता, म्हणजे क्लच घसरत नव्हता. एअर फिल्टरही स्वच्छ. बिघाड शोधणाऱ्या स्कॅनरने बूस्ट, म्हणजे टर्बो हा पंखा इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब, कमी असल्याचा कोड दाखवला. कुठून कमी, ते तो थोडंच सांगणार! शेवटी बॉनेट उघडून मित्राला रेस द्यायला लावली, तेव्हा बारीक ‘फुस्स’ ऐकू आलं. ही दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपाला क्लॅम्पच्या अगदी कडेला चीर, भोवती तेलकट ओल. टर्बोने दाबलेली हवा इंजिनात पोचण्याआधीच बाहेर. पाइप बदलला, क्लॅम्प नवा टाकला. आता तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये आरामात!