राउटर सांभाळणाऱ्यांचं स्टँडर्डमध्ये काय काम? – तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्ही नेटवर्क चालवणारी माणसं, प्रोटोकॉल ठरवण्याच्या बैठकांत तुमचं काय काम?" हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. स्टँडर्डचे ड्राफ्ट (मसुदे) लिहिणारे अदबीने विचारतात, ऑपरेशन्समधले सहकारी खो-खो हसून. आजवर 'अनुभव' एवढंच म्हणून सुटत आले. आता सांगतेच.

बीजीपी म्हणजे नेटवर्कांचे राउटर एकमेकांना कुठल्या पत्त्यांकडे जायची वाट (रूट) कुठून आहे ते सांगतात तो प्रोटोकॉल. त्याचा एक जुना नियम होता. 1995च्या आरएफसी 1771 मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या स्टँडर्डचे क्रमांकित दस्तऐवज) होता, 2006च्या 4271 मध्येही राहिला: शेजारी राउटरच्या अपडेटमध्ये, म्हणजे रूट कळवणाऱ्या संदेशात, चूक सापडली की नोटिफिकेशन पाठवा आणि सेशन, म्हणजे दोघांमधला संवाद, बंद करा. कागदावर चोख. शिकत होते तेव्हा मलाही तो फार आवडला होता.

मग ती रात्र आली. अपस्ट्रीमचं, म्हणजे आम्हाला बाकीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या नेटवर्कबरोबरचं, सेशन पडलं, उठलं, रूटांचं टेबल भरू लागलं, आणि अर्ध्यात पुन्हा पडलं. लिंक स्वच्छ, ऑप्टिकल पॉवर ठीक. मी उगाच केबल बदलायला लावली, त्यात पाऊण तास गेला. लॉगमध्ये दर वेळी तीच ओळ: अपडेट मेसेज एरर. कुठल्या तरी दूरच्या नेटवर्कने एका रूटला बिघडलेलं ऑप्शनल ट्रान्झिटिव्ह अ‍ॅट्रिब्यूट चिकटवलं होतं, म्हणजे रूटबरोबर जाणारी जोड-माहिती. मधल्या राउटरना ते ओळखता येत नव्हतं, म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे जसंच्या तसं पुढे ढकललं. माझ्या राउटरला ओळखता येत होतं, म्हणून तोच पडत होता! मी येणारे रूट गाळणारा इनबाउंड फिल्टर लावला. उपयोग शून्य, फिल्टरची पाळी यायच्या आधीच संदेश वाचणाऱ्या पार्सरने सेशन पाडलेलं असायचं. शेवटी पहाटे शेजारच्या नेटवर्कच्या नॉकमधल्या (नियंत्रण कक्षातल्या) माणसाला फोनवर विनवलं, त्याने तो प्रिफिक्स, म्हणजे त्या रूटचा पत्त्यांचा गट, त्याच्या बाजूने गाळला. एका रूटपायी लाखो रूट रात्रभर ये-जा करत होते, आणि शिक्षा झाली ती ज्याची चूक नव्हती त्या शेजाऱ्याला आणि मला.

हे टेबलाशी बसून सुचलं नसतं, असं मी तावातावाने म्हणायचे. 2015च्या आरएफसी 7606 ने शेवटी बऱ्याचशा चुकांसाठी सांगितलं की तेवढा रूट मागे घेतला असं समजा, सेशन चालू ठेवा. तेव्हा मी मिरवलंही.

पण रूट फ्लॅप डॅम्पिंगचं काय? तेही अनुभवातूनच आलं होतं. सतत उठबस करणाऱ्या रूटला दंड लावून काही काळ दाबून ठेवायचं. 1998चा आरएफसी 2439. मी ते सगळ्या राउटरवर हौसेने चालू केलं, विरोध करणाऱ्यांना माझे लॉग दाखवून गप्प केलं. 2002 मध्ये मोजमापातून दिसलं, की एकदाच मागे घेऊन पुन्हा जाहीर केलेला रूट, पर्यायी वाटा शोधल्या जाताना, दूरवर अनेकदा हलल्यासारखा दिसतो आणि तासभरही दाबला जाऊ शकतो. 2006 मध्ये राइप या युरोपातल्या नेटवर्कवाल्यांच्या मंचाच्या राउटिंग गटाने 'वापरू नका' म्हटलं. माझ्या लॉगमध्ये यातलं काही दिसत नव्हतं. कसं दिसणार? त्रास दुसऱ्यांच्या नेटवर्कमध्ये होत होता.

सेशन पडण्या-उठण्याच्या त्या रात्रीनंतर एका बैठकीत मला कोणी तरी विचारलं होतं, "हे वर्षातून किती वेळा होतं?" मी चिडले होते. परवा एक नवीन मुलगा त्याचे लॉग घेऊन आला, आणि तोच प्रश्न मी त्याला विचारला. तोही चिडला. मी त्याचे लॉग ठेवून घेतलेत, अजून पूर्ण वाचलेले नाहीत.