रेवदंड्यात भेटला जुना सेल्समन

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं मार्केटिंग बघतो, म्हणजे डिकीत सॅम्पल भरायचे आणि लॉज, रिसॉर्ट पालथे घालायचे. परवा अलिबाग साइडला होतो. रेवदंड्याच्या रिसॉर्टवाल्यानं सकाळी बोलावलं आणि पोचल्यावर फोनवर म्हणतो चार वाजता या. आता सोलापूरहून आलेल्या माणसानं चार वाजेपर्यंत काय करायचं? गाडी लावली सावलीला आणि निघालो चालत.

तर हे गावच किल्ल्यात आहे ओ! म्हणजे डांबरी रस्ता तटातून आत जातो, आत घरं, नारळ-सुपारीच्या वाड्या, शाळा, आणि मधेच कुठंतरी पोर्तुगीज चर्चची नुसती भिंत उभी, कमानीला वडाच्या मुळ्यांचा विळखा. आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला कसा, कुंपण, तिकीट, बाग, सगळं वेगळं ठेवलेलं. इथं तटाला लागून कुणाचे कपडे वाळत होते. मला हेच आवडलं, खरं सांगतो.

सातखणी मनोरा म्हणून आहे, त्याचे आता चारच खण उरलेत, पायथ्याला तोफा पडल्यात. तिथं वाडीतले एक काका सुपारी गोळा करत होते. कुठले म्हणून विचारलं. सोलापूर म्हणलं की लगेच, "चादरी आणल्यात का?" म्हणलं, नाही काका, टॉवेल. मग त्यांनी सांगितलं, शाळेपाशी जा, तिथं रशियनाचं स्मारक आहे.

रशियन? इथं? गेलो तर खरंच अफनासी निकितिनचं स्मारक. मग कट्ट्यावर बसून मोबाईलवर वाचत सुटलो. हा बाबा त्वेर गावचा व्यापारी, 1469 च्या सुमारास चौल बंदरात उतरला (चौल म्हणजे रेवदंड्याला चिकटूनच), सोबत विकायला एक घोडा. जुन्नरला तिथल्या खानानं घोडा हिसकावला, म्हणे धर्म बदल तर परत देतो. कसाबसा सुटला, घोडा घेऊन बिदरला गेला आणि तिथं विकला. पुढं लिहिलंय की मला लोकांनी फसवलं, म्हणले हिंदुस्थानात भरपूर माल मिळेल, पण आमच्या देशाला चालेल असं काहीच नाही, मिरी स्वस्त आहे पण जकात भारी आणि समुद्रात चाचे. मी वाचून एकटाच हसलो बे, आमच्या सेल्स मीटिंगमधे दर महिन्याला हेच चालतं.

आणि पुढं आळंदच्या उरुसाचं वर्णन! आळंद म्हणजे आपलं अक्कलकोटच्या पुढचं, लाडले मशाक दर्ग्याचं. तिथं 20 हजार घोडे विकायला येतात असं लिहून ठेवलंय त्यानं. आमच्या गल्लीतले लोक दरसाल त्या दर्ग्याला जातात, कुणी कधी बोललं नाही.

अजून एक सापडलं. 1570-71 ला अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहानं चौलच्या पोर्तुगीजांना वेढा घातला होता, जमलं नाही त्याला. हा मूर्तजा म्हणजे चांदबीबीचा भाऊ, जिच्या हुंड्यात आपला सोलापूरचा किल्ला विजापूरला गेला ती चांदबीबी! मराठ्यांच्या हाती हे ठाणं आलं ते वसई जिंकल्यानंतर, 1740 ला.

वाचता वाचता पावणेचार झाले. रिसॉर्टवाल्यानं 550 जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला 550 ग्रॅम वजनाचं) जाड सॅम्पल बाजूलाच सारलं, म्हणाला दमट हवेत हे दोन दिवस वाळत नाही, वास मारतो, 400 चं द्या आणि पांढरं नको, वाळूचे डाग जात नाहीत. बरोबरच आहे की. ऑर्डर लिहून घेतली, मालकांना फोन लावला, मनोरा, निकितिन, चांदबीबी सगळं एका दमात सांगितलं. सगळं शांतपणे ऐकलं त्यांनी, मग म्हणले, "ॲडव्हान्स घेतला का?"