चावी आधी दिली

31 मेच्या संध्याकाळी ऐरोलीच्या घराची चावी मी काकांच्या हातात ठेवली आणि काकांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. काका म्हणजे आमचे घरमालक. त्यांच्या वन बीएचकेत आम्ही 33 महिने राहिलो, म्हणजे अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार. "डिपॉझिट चार दिवसांत टाकतो गं," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो काका, सावकाश." हे 'सावकाश' मला पुढे साडेचार महिने पुरलं.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते. दुसऱ्यांचा हिशेब पैन्‌पै जुळल्याशिवाय खुर्चीतून उठत नाही. स्वतःचे 75,000 मागताना मात्र जीभ रेटेना. भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. तिला डिपॉझिट हा शब्दही माहीत नव्हता.

चार दिवसांचे पंधरा झाले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली. रंगकाम 22,000, गिझर 6,500, खिडकीची काच 1,200, इतर 8,300. वजावट एकूण 38,000. काच आमचीच. मुलाच्या चेंडूने फुटली होती आणि ते मी चावी देतानाच सांगितलं होतं. गिझर आम्ही राहायला आलो तेव्हाच कुरकुरत होता. हॉलच्या भिंतीवरची ओल वरच्या मजल्याच्या बाथरूमची, त्यासाठी सोसायटीला पत्र खुद्द काकांनीच लिहिलं होतं. आणि 'इतर'बद्दल काय बोलायचं? आमच्या धंद्यात 'इतर' म्हणजे ज्याचं बिल सापडत नाही ते.

खरं कारण एजंटकडून कळलं. "मॅडम, नवीन पार्टी अजून आली नाही ना. ती आली की तिच्या डिपॉझिटमधून तुमचं मिटवतील. सगळीकडे असंच असतं." म्हणजे माझे पैसे काकांकडे नव्हतेच. ते कधीच खर्च होऊन गेले होते आणि मला देण्यासाठी कोणीतरी नवा भाडेकरू यायला हवा होता. भिशीसुद्धा याहून बऱ्या शिस्तीत चालते.

मग मी करार पहिल्यांदा नीट वाचला. (सही करताना वाचला नव्हता. बायोमेट्रिकवाला मुलगा घाईत होता आणि मीही.) त्यात स्पष्ट लिहिलं होतं की जागेचं नुकसान झालं तर भाडेकरूने भरून द्यायचं, पण सामान्य झीज वगळून. तीन वर्षांत रंग फिका पडणं याला मी झीजच म्हणेन. डिपॉझिट जागा परत देताना, थकबाकी वजा करून, बिनव्याजी परत करायचं, असंही होतं. इथवर सगळं माझ्या बाजूचं. पण डिपॉझिटचा आकडा 50,000 होता. उरलेले 25,000 आम्ही रोख दिले होते, कारण "कागदावर कमी दाखवलं की स्टॅम्प वाचतो" असं तेव्हा एजंट म्हणाला होता.

किती वाचला, ते मी त्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन काढलं. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे आमच्यासारख्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर, मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. ते एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर लागतं. 25,000 चं अकरा महिन्यांचं व्याज 2,292 रुपये. त्याचा पाव टक्का म्हणजे 5 रुपये 73 पैसे. पावणेसहा रुपयांसाठी माझे 25,000 कागदावरून गायब झाले होते. मी अकाउंट्सवाली आहे, हे तेव्हा कोणालाही सांगायची लाज वाटली.

दीर म्हणाले, "शेवटचे तीन-चार महिने भाडंच द्यायचं नव्हतं वहिनी, डिपॉझिटमधून वळतं करून टाकायचं." करतात तसं बरेच जण. पण मग करार आपणच मोडतो आणि तक्रार करायचं तोंड राहत नाही. मुदत संपल्यावर चावी दाबून बसलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे मालक दुप्पट भाडं मागू शकतो. खरा उपाय मधला होता. एका हाताने चावी द्यायची आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज बघायचा. पेढा त्यानंतर.

डिपॉझिट किती घ्यावं याला या 1999 च्या कायद्यात मर्यादा नाही. केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादा आहे, पण तो राज्याने स्वीकारल्याशिवाय कामाचा नाही. करार नोंदवायची जबाबदारी मात्र कलम 55 ने मालकावर टाकलीय. नोंदवला नाही, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. आमचा करार नोंदवलेला होता आणि तो 50,000 च म्हणत होता.

पोलीस चौकीत हवालदारांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि "ताई, हे दिवाणी आहे" म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. मग ऑफिसातल्या एकीने ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाचं नाव सांगितलं. तिथे बाईला मोफत मदत मिळते, उत्पन्न कितीही असो, हे मला माहीतच नव्हतं. अर्ज दिला. दावा न लावता आधी समेटासाठी बोलावतात, दाखलपूर्व प्रकरण म्हणतात त्याला. नोटीस काकांच्या घरी गेली आणि तारखेच्या दोन दिवस आधी माझ्या खात्यात 48,800 आले. काचेचे 1,200 कापून. रंग, गिझर आणि 'इतर' कुठे गेले, ते मी विचारलं नाही.

तारखेला काका आले. मला बघून "कशी आहेस?" विचारलं. 25,000 चा विषय निघाल्यावर मात्र "कुठले?" म्हणाले. मी मोबाइल पुढे केला. तीन वर्षांपूर्वीचा त्यांचाच मेसेज: 'रोख 25 मिळाले. वेलकम.' समेटाला बसलेल्या वकीलबाईंनी विचारलं, "हा नंबर तुमचाच ना?" काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. शेवटी 20,000 तिथेच बसून मोबाइलवरून पाठवले. उरलेले 5,000 दिवाळीपर्यंत देतो, असं लिहून दिलं.

आता आम्ही खारेगावात राहतो. इथे करारात पूर्ण डिपॉझिट आहे आणि पंखे, गिझर, भिंतींचे फोटो पहिल्याच दिवशी मालकीणबाईंना पाठवले. "एवढा अविश्वास?" त्या हसत म्हणाल्या. माझे कान तापले, पण फोटो पाठवायचे थांबवले नाहीत.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. ऑफिसातून येताना ऐरोलीच्या भाजी मार्केटमध्ये उतरले, तर काकू भेटल्या. "अगं, विसरलीस आम्हाला! ये ना चहाला."

"येते की काकू," मी म्हटलं. मग एक श्वास घेतला आणि कोथिंबीरवाल्याच्या देखत बोलून टाकलं, "काकांना सांगा, माझे 5,000 राहिलेत."

"सांगते हं," म्हणाल्या आणि जुडी उलटीपालटी करून बघायला लागल्या.