कुलूपबंद डब्ल्यूएमए फायली सोडवताना

नेरूळच्या आमच्या भजनी मंडळाच्या सीड्या २००५ मध्ये कॉम्प्युटरवर उतरवल्या, तेव्हा विंडोज मीडिया प्लेअरमधल्या ‘कॉपी प्रोटेक्ट म्युझिक’वरची खूण काढायची राहिली. सीड्यांवर पुढे चरे पडले. हाती उरल्या १८० फायली, त्यातल्या ४६ डब्ल्यूएमए (विंडोजचा आवाजाच्या फायलींचा प्रकार) कुलूपबंद, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर न वाजणाऱ्या.

आधी वर्गवारी करा, कारण बहुतेक फायली बंद नसतात, नुसत्या जुन्या असतात. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे ‘प्रोटेक्टेड’समोर ‘नो’ दिसलं तर व्हीएलसी हा प्लेअर किंवा एफएफएमपेग हे फायलींचा प्रकार बदलणारं सॉफ्टवेअर ती सहज वाचतं. जुन्या फोनवरच्या एएमआर प्रकारच्या रेकॉर्डिंगचंही तेच. मात्र एएमआरचा सॅम्पल रेट ८ किलोहर्ट्झ, साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं त्यात काही नसतंच. ३२० केबीपीएसच्या एमपी३त घातल्याने टाळ खणखणीत होत नाहीत, फाइल तेवढी फुगते. मी सगळं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न घासता साठवणाऱ्या प्रकारात, ठेवलं. एकदा दाबलेला आवाज पुन्हा एमपी३त दाबला की आणखी घासला जातो.

‘येस’वाल्या फायलींवर एफएफएमपेग इशारा देतं, पण कधी कधी नवी फाइल बनवूनही मोकळं होतं. ती उघडून ऐकली तर खरखर किंवा शांतता. या फायलींचं लायसन्स ज्या कॉम्प्युटरवर सीडी उतरवली त्याच्या विंडोजशी बांधलेलं असतं. म्हणून तो जुना डबा फॉरमॅट करू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. सुरू करण्याआधी मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला आणि तारीख नीट लावा. घड्याळ मागे गेलं की मुदतीची लायसन्सं अडतात.

मग एकच सरळ रस्ता: तिथे वाजवा, इथे रेकॉर्ड करा. डेस्कटॉपच्या हिरव्या जॅकमधून ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ केबल काढा. ती लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. ते बहुधा मोनो असतं आणि लाइनचा, म्हणजे केबलमधून येणारा जोरदार, आवाज तिथे फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड लागतं. खाडीकाठच्या दमट हवेने आमच्या केबलची पिन काळी पडली होती, त्यामुळे एक बाजू सारखी गायब व्हायची. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, आवाज परत आला.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ. सर्वात जोरदार जागा, म्हणजे टाळ आणि पखवाज एकदम उठतात ती, वाजवून पातळी उणे ६ डेसिबलवर आणा. संथ आलापावर पातळी लावली तर गजरात सगळं कापलं जातं. दोन्ही मशीन प्लगवर असताना ५० हर्ट्झची गुणगुण येत होती; चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि ती गेली. स्लीप, स्क्रीनसेव्हर, विंडोजचे आवाज बंद ठेवा, नाहीतर अभंगाच्या मध्येच ‘टिंग’ येतो.

घाई इथे चालत नाही. २५ मिनिटांच्या ४६ फायली म्हणजे १९ तास. मी एका बैठकीला चारच घेत होतो, तेवढी बॅटरी पुरते. ऑडॅसिटीच्या ३२ बिट फ्लोट या दर्जात तासाला सव्वा जीबी लागते, तेवढी जागा आधी पाहा. शांततेवरून आपोआप तुकडे पाडायच्या भानगडीत पडू नका. कीर्तनकार दम घेतात तिथेही कात्री लागते. ऐकता ऐकता कंट्रोल बी दाबून हाताने खुणा केल्या आणि ‘एक्सपोर्ट मल्टिपल’ने वेगळ्या फायली काढल्या.

कायद्याची शंका असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ, २०१२ च्या दुरुस्तीतलं, वाचा. ते हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याबद्दल आहे. आमची तर मंडळाचीच गाणी.

शेवटचं किचकट काम नावांचं. तेव्हा टॅग (फाइलमधली गाण्यांची नावं) श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये भरले होते, ते नव्या प्लेअरवर रोमन चिन्हांची रांगोळी दिसतात. ती हाताने युनिकोडमध्ये टाइप करावी लागली. प्रत्येक फाइल सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी ऐकली. डेस्कटॉप अजून माळ्यावर आहे.