बोटाखाली मावणारं अक्षर

पॅरिसला येऊन मला दीड वर्ष होत आलं. इथं मी सांख्यिकीत मास्टर्स करते आहे. घरून फोन आला की ठरलेले प्रश्न असतात: थंडी सोसते का, फ्रेंच जमतं का, एकटं वाटतं का. सोसते, बऱ्यापैकी जमतं, आणि हो, कधीकधी वाटतं. आज मात्र कुणीच न विचारलेल्या गोष्टीबद्दल लिहितेय, कारण गेले सहा महिने डोक्यात तीच घोळते आहे.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे, जन्मापासून पूर्ण अंध. गणितात आमच्यातल्या बहुतेकांच्या पुढे. फळ्यावर लिहिलेलं आणि पडद्यावर दाखवलेलं त्याच्यापर्यंत पोचावं म्हणून वर्गातल्याच एका विद्यार्थ्याकडे टिपणं काढायचं काम असतं. ते मी मागून घेतलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चांगलं काम आहे, मनापासून कर." मनापासूनच केलं. तरी पहिल्या महिन्यात माझं जवळजवळ सगळं चुकलं.

पहिल्याच दिवशी जिन्यापाशी मी त्याचा दंड धरला आणि त्याला पुढे घालून चालू लागले. तो थांबला. शांतपणे माझा हात सोडवला, माझं कोपर हलकेच धरलं आणि म्हणाला, "तू पुढे चाल. तुझं कोपर खाली गेलं की मला पायरी कळते." एवढंच. मागून ढकलत नेलं तर पायरी कधी येणार हे त्या माणसाला कळणारच नाही, ही साधी गोष्ट माझ्या कधी मनातच आली नव्हती.

आलेखांचंही तेच झालं. "रेषा इथून वर चढते, मग जरा खाली येते, नंतर सपाट," असं मी लिहून द्यायचे. दोन-तीन तासांनंतर तो म्हणाला, "आधी अक्ष सांग. आडव्यावर काय आहे, उभ्यावर काय, एकक कोणतं, कुठून कुठपर्यंत. मग उतार कुठं बदलतो ते आकड्यांत दे. चित्र माझं मी काढतो." तेव्हापासून मी आलेख तसेच लिहिते. खरं सांगते, त्यानंतर मला माझेच आलेख जास्त नीट कळायला लागले. पूर्वी रेषा चढली एवढंच पाहून मी पुढं जायचे. आता किती चढली हे लिहिल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

शाळेत 'विज्ञान: शाप की वरदान' हा निबंध आपण सगळ्यांनीच लिहिलाय. मीही लिहिलाय, दोन्ही बाजू मांडून, शेवटी वरदान ठरवून. त्या निबंधात जो प्रश्न कुणी घालत नाही तोच आता मला सगळ्यात मोठा वाटतो: ज्याच्यासाठी शोध लावला, त्याला कुणी विचारलं होतं का?

हा प्रश्न मला पडला तो लुई ब्रेलमुळे. ब्रेल लिपीचं नाव आपल्याला ठाऊक असतं, पण ती घडली कशी हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. पॅरिसमध्ये १७८५ साली व्हालांतँ आउई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. अशी जगातली पहिली शाळा तीच मानतात. तिथली पुस्तकं आपलीच नेहमीची अक्षरं कागदावर उठवून केलेली होती. मोठाले, जड ग्रंथ. मुलं एकेका अक्षराची वळणं बोटानं चाचपत आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरत. अक्षरांचा आकार डोळ्यांना सोयीचा होता, तो बोटांपुढे ठेवला होता. आणि मुख्य म्हणजे अशी अक्षरं मुलांना स्वतः लिहिता येत नव्हती. वाचा, पण लिहू नका, अशी ती व्यवस्था.

आउईंना मी नावं ठेवत नाही. त्यांच्याआधी या मुलांना शिकवता येतं यावरच फारसा कुणाचा विश्वास नव्हता. पण जिन्यावर मी जे केलं, तेच त्यांच्याकडून झालं होतं असं मला वाटतं.

मग १८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नावाचे तोफखान्यातले माजी अधिकारी आपली टिंबांची पद्धत घेऊन या शाळेत आले. अक्षराऐवजी टिंबं, ही मोठीच झेप होती. टिंब बोटाला लगेच सापडतं आणि हातानं टोचताही येतं. पण त्यांच्या एका चिन्हात बारापर्यंत टिंबं होती, सहा-सहाच्या दोन उभ्या रांगा. एवढं उंच चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावत नाही, बोट वरखाली फिरवावं लागतं. शिवाय ते उच्चार टिपत, शुद्धलेखन नाही. विरामचिन्हं नाहीत, अंक नाहीत. लुई तेव्हा याच शाळेतला बारा वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने पुढची तीन वर्षं त्यावर घालवली आणि १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, बाराची सहा टिंबं केली. तीन-तीनच्या दोन रांगा. पूर्ण चिन्ह एका स्पर्शात बोटाखाली येतं. सहा जागा, प्रत्येकात टिंब आहे किंवा नाही, म्हणजे दोनचा सहावा घात: ६४ रचना, एक रिकामी धरून. अक्षरं, अंक, विरामचिन्हं, पुढे संगीतसुद्धा त्यातच बसलं.

वर्गात द्विमान पद्धती, म्हणजे फक्त ० आणि १ ची, शिकवतात तेव्हा मला आता नेहमी हा पंधरा वर्षांचा मुलगा आठवतो. बाराचे सहा करण्यासाठी त्याला कुठल्या प्रयोगशाळेची गरज नव्हती. बोट त्याचं स्वतःचं होतं.

१८२९ मध्ये त्याने ही पद्धत छापली, तेव्हा बार्बिएंचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. शाळेने मात्र ती लगेच स्वीकारली नाही. १८४० नंतर नव्या संचालकांनी तिच्यावर बंदीही आणली. शिक्षकांना वाचता येत नाही अशी लिपी मुलांना देणं त्यांना धोक्याचं वाटलं. मुलं चोरून लिहीत राहिली. शाळेने लिपी अधिकृतपणे घेतली १८५४ मध्ये. ब्रेल त्याच्या दोन वर्षं आधी, ६ जानेवारी १८५२ ला, क्षयानं गेला होता.

वसंत सुरू झाल्यावर एका रविवारी मी त्याच्या गावी जाऊन आले. गार द लेस्तहून लोकल पकडायची, एस्ब्लीला उतरायचं आणि तिथून कुपव्रेपर्यंत चालत जायचं. ज्या घरात ४ जानेवारी १८०९ ला तो जन्मला तिथं आता संग्रहालय आहे. वडील घोड्यांचं खोगीर-लगाम करणारे. त्यांच्या कामाच्या जागी तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यात कातडं टोचायचं हत्यार गेलं, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि थोड्याच काळात दोन्ही डोळे गेले. मी तिथं बराच वेळ उभी होते. १९५२ मध्ये त्याचे अवशेष पॅरिसच्या पाँतेऑंमध्ये, देशाच्या थोरांच्या शेजारी, नेण्यात आले. पण हात गावाने ठेवून घेतले. कुपव्रेच्या दफनभूमीत ते आहेत. ज्याने जगाला बोटांनी वाचायला शिकवलं त्याचे हात आपल्यापाशी राहावेत असं त्या छोट्या गावाला वाटलं, हे मला फार खोलवर समजलं.

घरापासून लांब राहणाऱ्या मला त्याची आणखी एक गोष्ट विशेष जवळची वाटते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. ब्रेल लिपी आली, पण घरी आईवडिलांना पत्र लिहायचं कसं? त्यांना टिंबं वाचता येत नव्हती. म्हणून १८३९ मध्ये ब्रेलने दुसरी पद्धत काढली: टिंबांनीच नेहमीच्या अक्षरांचा आकार काढायचा, म्हणजे अंध मुलगा लिहील आणि डोळस आई वाचेल. पुढे त्याच्या एका अंध मित्राने, पिएर फुकोने, त्यासाठी यंत्रही बनवलं. मी दर रविवारी घरी व्हिडिओ कॉल करते तेव्हा मला या पत्रांची आठवण येते. आधी स्वतःसाठी लिपी, मग पलीकडच्या माणसापर्यंत पोचायची लिपी. शोध कुणासाठी आणि कशासाठी लावायचा, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आता वाचण्याबद्दल. माझ्या या वर्गमित्राच्या लॅपटॉपसमोर एक लांबट पट्टी असते, ब्रेल डिस्प्ले. चाळीस खण, प्रत्येकात आठ पिना. सहा ब्रेलच्या, खालच्या दोन कर्सरसारख्या खुणांसाठी. वीज मिळाली की आतल्या स्फटिकाच्या पट्ट्या किंचित वाकतात आणि हव्या त्या पिना वर येतात. ओळ बदलली की वाळल्या पानांवरून वारा जावा तसा सर्र आवाज होतो. एका वेळी एकच ओळ दिसते, म्हणजे लागते. त्याची दोन्ही तर्जन्यांची टोकं तिच्यावरून सरकत राहतात, एक पुढे, एक मागे.

मी त्याला विचारलं, संगणक सगळं वाचून दाखवतो, मग याची गरज काय? ईमेल आणि बातम्या तो ऐकतोच, तेही इतक्या वेगानं की मला त्यातला एक शब्द कळत नाही. पण फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची कितीतरी अक्षरं उच्चारतच नाहीत, ती ऐकून कशी कळणार? आणि दुसरं कारण त्याने सांगितलं ते कवितेचं. "ऐकताना कवीनं ओळ कुठं तोडली ते मला कळत नाही. इथं ओळ संपली की बोट रिकाम्या खणांवर येतं."

मी लहानपणापासून कविता वाचत आले, पाठ केल्या, म्हटल्या. ओळीनंतरची मोकळी जागा मात्र मी नुसती ओलांडून पुढं जात होते. त्या दिवशी घरी जाऊन मी एक आवडती कविता हळूहळू वाचली, प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबून. तिच्यातला एक शब्द इतकी वर्षं मी चुकीच्या ओळीला जोडून वाचत होते. म्हणून 'आता ऑडिओ आहे, ब्रेल कशाला' असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. ऐकणं ही मोठी सोय आहे. आपण आज चालता-फिरता जी पुस्तकं ऐकतो, त्यांचं मूळसुद्धा १९३४ मध्ये अमेरिकेत अंध वाचकांसाठी काढलेल्या बोलक्या पुस्तकांच्या तबकड्यांतच आहे. पण ज्याला स्वतःच्या गतीनं वाचायचंय, मागं जाऊन एक शब्द पुन्हा चाचपायचाय, त्याच्या हातात अक्षर असायला हवं.

हातात अक्षर यायला यंत्र पुरत नाही, कायदाही लागतो. एका देशात ब्रेलमध्ये केलेलं पुस्तक दुसऱ्या देशातल्या अंध वाचकाला पाठवायला अनेकदा कॉपीराइट आडवा यायचा, म्हणून तेच पुस्तक पुन्हा पुन्हा तयार करावं लागायचं. २०१३ च्या माराकेश कराराने ती वाट मोकळी केली, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. हे मी मित्राला सांगितलं तेव्हा माझी मान किती ताठ झाली असेल, कल्पना करा. त्याला हे आधीच माहीत होतं.

त्याने मग मला विचारलं, तुझ्या भाषेची ब्रेल कशी असते? मला सांगता आलं नाही, म्हणून शिकायला घेतली. १९५१ पासून भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल आहे, उच्चारावर बेतलेली. मराठी, बंगाली, तमिळ, लिपी कुठलीही असो, 'क'चा खण एकच, आणि तो रोमन 'के'चाच. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते. ब्रेलमध्ये ती अक्षरानंतर येते, आपण उच्चारतो त्याच क्रमानं.

त्याने मला ब्रेल पाटी आणि स्टायलस, म्हणजे टिंबं टोचायचं टोकदार हत्यार, दिला. टिंबं मागच्या बाजूने टोचायची असतात, त्यामुळे उजवीकडून डावीकडे लिहायचं, आणि प्रत्येक खण आरशातल्यासारखा उलटा. पहिले दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर मी पाच खण टोचले, कागद उलटला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याला मराठीचा गंध नाही. त्याचं बोट सरकलं आणि तो फ्रेंच अक्षरांची नावं म्हणू लागला: "का, वे, ई, ते..." पाचव्यावर तो थबकला. मी म्हटलं, हा आमचा 'आ'. आणि पूर्ण शब्द म्हणून दाखवला: कविता.

त्याने अर्थ विचारला, मी सांगितला. मग बोट पुन्हा पहिल्या खणावर नेऊन तो म्हणाला, "तू 'क' आणि 'व'च्या मध्ये एक 'अ' म्हणालीस. तो इथं कुठं आहे?" आपल्या व्यंजनात 'अ' न लिहिता कसा असतो आणि तो काढून कसा टाकायचा, हे समजावता समजावता ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली. पुढच्या आठवड्यासाठी त्याने जोडाक्षर असलेला शब्द मागितलाय.