माझा अनुभव: जुन्या लाकडी होडीच्या फळ्या आणि फटी

होडी पाण्याबाहेर काढल्यावर आधी तिला नीट टेकवली. सगळा भार तळाच्या कण्यावर, बाजूचे टेकू फक्त तोलापुरते. टेकूंवर वजन आलं तर फळ्या आत दबतात आणि आकार बिघडतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो ओला करून, मास्क लावूनच खरवडला.

मग हातोडी आणि टोचा घेऊन एकेक फळी तपासली. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. कूज सापडली ती बहुतेक वर, डेकच्या कडेखाली. खाऱ्या पाण्यात बुरशीला जोर धरता येत नाही. साचलेलं पावसाचं पाणी मात्र तिला मानवतं. पाण्याखालचं दुखणं खिळ्यांचं होतं. लोखंड गंजलेलं, भोवतीचं लाकूड काळं आणि मऊ. वरचा-खालचा तेवढा खराब भाग कापून नवा तुकडा तिरप्या सांध्याने बसवला, सांधा फळीच्या जाडीच्या आठपट लांब. सरळ कापलेली टोकं कितीही चिकटवा, ताण आला की सुटतात. खिळ्यांऐवजी कांस्याचे स्क्रू घातले.

खरा कस लागला फटी भरताना. जुना कापूस आकड्याने हळूहळू उपसला, फळीची कड दुखवू न देता. फट बाहेरून उघडी आणि आत मिटत गेलेली असते. तिच्यात कापसाची वात बोथट पटाशीने आणि लाकडी हातोड्याने ठोकत न्यायची. सैल राहिली तर पाणी येतं. फार घट्ट ठोकली तर त्याहून वाईट, कारण पाण्यात उतरल्यावर फळी फुगते; तिला जागा मिळाली नाही तर ती स्क्रू ओढते, आतल्या फासळ्या तडकवते. म्हणूनच फटीत इपॉक्सीसारखं कडक होणारं काही भरायला मी ठाम नकार दिला. वातीवर मऊ राहणारी लांबी (पुट्टी) भरली. हे काम घाईचं नाही, आणि मला ते मनापासून आवडलं. हातोड्याचा आवाज बदलला की वात बसल्याचं कळू लागलं.

रंगाचं काम भराभर उरकलं.

पाण्यात उतरवताना क्रेनचे पट्टे सोडले नाहीत, पंप चालू ठेवला. फटींतून पाणी आलंच. फळ्या फुगत गेल्या तशी गळती कमी झाली. आता डेक हाती घेतलाय. तिथून पावसाचं पाणी झिरपत राहिलं, तर वरच्या नव्या फळ्याही कुजतील.