सनकोट, स्कार्फ आणि ९ चा आकडा

जिना चढताना मांड्या भरून यायच्या. दमले असेन म्हणून सोडून द्यायचे. मग रिपोर्ट आला: व्हिटॅमिन डी फक्त ९, आणि २० च्या खाली म्हणजे कमतरता! पुण्यात एवढं ऊन असताना? पण स्कूटरवर सनकोट, हातमोजे, डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ. ऑफिसात ऊन काचेआडून. आणि त्वचेत डी तयार करणारे किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत.

डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी दिली, आठवड्यातून एकदाच, ८ आठवडे. रविवारी जेवणानंतर दुधात ढवळून घेते. स्निग्ध पदार्थांबरोबर ती नीट शोषली जाते. आई म्हणाली, "रोज घे की, लवकर बरी होशील." नाही गं आई, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

परवा पर्वती चढले. मध्ये एकदाच टेकले.